आधी खराटा, मग रोप

समजा, एखादा धनवान गृहस्थ म्हणाला, 'महाराज, पंढरीस पायी येणे आम्हांला जमत नाही. एका गरिबाला पैसे देतो, तो आमच्या नावाने वारी करील. पुण्य आम्हांला मिळेल ना?' तर दिंडीतले लहान पोरही हसेल. ज्याची वारी त्यानेच चालावी लागते.

पण वाचकहो, हाच प्रश्न आज मोठमोठ्या विद्यापीठांपुढे उभा आहे. कोळसा, डिझेल, विमानाचे इंधन जळले की कर्बवायू हवेत जातो आणि पृथ्वी तापते. विद्यापीठांच्या इमारती, प्रयोगशाळा, पंडितांचे विमानप्रवास, सगळ्यांचाच हा धूर. त्याची भरपाई म्हणून दुसरीकडे रान राखायला, झाडे लावायला पैसे द्यायचे. एक टन वायूची भरपाई म्हणजे एक 'कार्बन क्रेडिट'. त्याचा बाजारही भरतो. मग ही भाड्याची वारीच नव्हे काय?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील विद्वानांनी २०२० साली या भरपाईचे नियम सांगितले. त्यांचे पहिले सांगणे असे, की आधी स्वतःचा धूर कमी करा, उरेल त्याचीच भरपाई करा. २०३५ पर्यंत आपल्या धुराचा हिशेब शून्यावर आणायचा आणि जीवसृष्टीतही भर घालायची, असे त्या विद्यापीठाने ठरविले आहे.

आम्हांला हे परके वाटले नाही. आपल्या अमरावतीच्या विद्यापीठास गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभे राहत. खराटा दुसऱ्याच्या हाती देऊन बाबा नुसते कीर्तन सांगत बसले नाहीत.

बरे, झाडून उरले त्याचे काय? चांदूर रेल्वेहून अमरावतीला जाताना पोहरा-मालखेडचे रान लागते. साग, पळस, धावडा आणि मधून मधून गवताळ माळ. कागदावर हिशेब करणाऱ्याला माळ रिकामा दिसतो. तो तेथे गिरिपुष्पाच्या नाहीतर निलगिरीच्या रांगा लावील आणि टन मोजील. पण वऱ्हाडातला तणमोर गवतातच अंडी घालतो. त्याने जावे कोठे? रानपिंगळा ११३ वर्षे कोणाला दिसला नव्हता. तो १९९७ साली खानदेशात शहाद्याकडे पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही आढळला. हा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. काल लावलेल्या रोपाला ढोली कोठून येणार?

कोणी म्हणेल, 'काहीच न करण्यापेक्षा एवढे तरी बरे!' आम्ही म्हणतो, जपून. उन्हाळ्यात वणवा लागला तर लावलेले झाड एका रात्रीत जाते. हवेत गेलेला धूर मात्र शेकडो वर्षे राहतो. आणि पैसे भरले म्हणून कोणी दुप्पट धूर करू लागला, तर ती भरपाई पापाला परवाना ठरते.

भरपाई करायचीच तर उभे रान आधी राखावे, माळ माळच ठेवावा, लावावे ते इथल्या मातीचे झाड. आणि रान ज्यांच्या उंबऱ्याशी आहे त्यांना विचारून करावे. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड रान राखले, सीताफळे विकून चार पैसेही मिळविले. अशा ठिकाणी दिलेला पैसा रानालाही लागतो आणि माणसालाही.

आम्ही तरी कोठे निर्दोष आहोत? पंढरीला पायी जातो, परतताना एसटीत बसतो. धूर आमचाही आहेच. म्हणून विद्यापीठांस आणि स्वतःसही आम्ही एवढेच सांगतो: रोप लावणे हे पुण्य समजू नका, ते घेतलेले ऋण फेडणे आहे. आणि फेडणाराने नवे ऋण काढायचे आधी थांबवावे. म्हणून खराटा पहिला.