अनोळखी गिऱ्हाईक

भाव करणे नीतीच्या दृष्टीने बरे की वाईट, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. भाजीच्या टोपलीपाशी तत्त्वचिंतनाला सवड कोठली? परंतु परदेशी नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्यास पहिल्याच आठवड्यात, पीठ-मीठ आणावयास निघाल्यावर, तो प्रश्न आपण होऊन गाठतो.

पुण्याहून जर्मनीत, स्टुटगार्टला, नोकरीस गेलेल्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घेऊ. दुकानात त्याच्याशी कोणी बोलत नाही. मांडणीवरील चिठ्ठीवर जिनसेची किंमत असते आणि तिच्याखाली, कायद्यान्वये, किलोचा वा लिटरचा भाव. अंड्यावर छापलेला पहिला आकडासुद्धा कोंबडी कशी पाळली ते सांगतो : ० म्हणजे सेंद्रिय पद्धतीची, ३ म्हणजे पिंजऱ्यातली. वाण्याच्या शब्दाची जागा अशी छापील अक्षरांनी घेतलेली असते. सामान सरकत्या पट्ट्यावर मांडावे, पैसे द्यावेत आणि पिशवी आपली आपणच भरावी, तीही लगबगीने. कारण मागचा मनुष्य खोळंबलेला असतो. घरी बोलताना हा तरुण सांगतो, इथली माणसे फार कोरडी आहेत.

आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. आपल्या वाण्याची उधारीची वही, मुलाच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा, भाजीवर टाकलेल्या चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी, यांतील ओलावा खराच आहे. पण तो कोणासाठी? ओळखीच्यासाठी. दिल्लीस किंवा कोलकात्यास बदली होऊन आलेल्या आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको की, तोडकी हिंदी वा बंगाली कानी पडताच भाव कसा चढतो आणि तराजूतला पासंग कोणाच्या वाट्यास येतो! ओळखीच्याला मिळणारी सवलत पुष्कळदा अनोळख्याच्याच खिशातून आलेली असते.

इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी सतराव्या शतकात हाच मुद्दा धरला होता. जी किंमत घ्यावयाची नाही ती बोलणे म्हणजे खोटे बोलणे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते एकच भाव सांगत. प्रारंभी गिऱ्हाईक बिचकले. पण लहान मूल पाठविले तरी बापाइतकाच चोख व्यवहार होतो, हे कळल्यावर त्यांचा धंदा वाढला. भाषा न येणारा परका मनुष्य बाजारात त्या मुलासारखाच असतो. ज्याला तो कोरडेपणा म्हणतो, त्यानेच त्याचे रक्षण केलेले असते.

रविवारची गोष्ट अशीच. घरात दूध नाही, आणि स्थानकावरची वा पेट्रोलपंपावरची काही दुकाने सोडली तर बाजार बंद! जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील ते कलम १९४९ च्या घटनेने कायम ठेवले. नवागत चरफडतो. त्याच्या सोयीची किंमत गल्ल्यावरची बाई आपल्या रविवाराने भरते, हे त्याच्या ध्यानी येण्यास काही आठवडे जातात. (आपल्याकडे वाण्याच्या पोऱ्याला सुट्टी कधी असते, हे आपण तरी कोठे विचारले?)

तरीही एक रुखरुख राहतेच. चोख न्यायात कोथिंबिरीची काडी बसत नाही. ज्याने त्याने आपापले दिले-घेतले, की कोणाचे कोणाशी काही उरत नाही. आणि काही न उरणे हे माणसाला फार काळ मानवत नाही.

जर्मनीत पाण्याची वा सरबताची प्लॅस्टिकची बाटली घेताना २५ सेंट अनामत पडते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते. शहरांतून काही वृद्ध आणि गरीब माणसे कचरापेट्या धुंडाळून अशा बाटल्या गोळा करतात. त्यांना पेटीत हात घालावा लागू नये, म्हणून पुष्कळ लोक रिकामी बाटली आत न टाकता पेटीशेजारी खाली उभी करून ठेवतात, आणि चालू लागतात. घेणारा कोण, ते त्यांना ठाऊक नसते.

आमचा तो तरुण पहिल्या महिन्यात बाटल्या जपून यंत्राकडे नेतो. पुढे केव्हातरी तोही एखादी पेटीशेजारी ठेवू लागतो.