थोडक्यात सांगणं म्हणजे समजणं?

अब्जावधी ओळींच्या टेबलासाठी कॉम्प्रेशनची पद्धत निवडणं हे वरवर खर्चाचं काम. पण त्यात एक जुना प्रश्न आहे: एखादी गोष्ट थोडक्यात सांगता आली, म्हणजे ती समजली का? तत्त्वज्ञ लायब्निझने 1686 मध्ये मांडलं होतं की नियम फारच गुंतागुंतीचा असला, तर त्यात बसणारं सगळं अनियमितच ठरतं.

फेसबुकच्या ‘गोरिला’ डेटाबेसने या प्रश्नाला ठोस उत्तर दिलं. सर्व्हरची मोजमापं ठरावीक अंतराने येतात, हे ओळखून त्याने पूर्ण वेळेऐवजी अंतरांतला फरक आणि आकड्यांतले फक्त बदललेले बिट साठवले. 2015 च्या शोधनिबंधानुसार 16 बाइटांची नोंद सरासरी 1.37 बाइटांवर आली, काहीही न गमावता. उलट झेडस्टँडर्ड या सर्वसाधारण कॉम्प्रेशन पद्धतीला वेळ म्हणजे काय हे ठाऊक नसतं. ते बाइटांची पुनरावृत्ती आणि वारंवारता पाहतं. मुक्त मजकुराला तेच योग्य. तीच ती नावं येणाऱ्या शहरांच्या रकान्याला मात्र प्रत्येक नावाऐवजी छोटा क्रमांक साठवणारी शब्दकोश पद्धतच शोभते.

एन्क्रिप्ट केलेला रकाना कशालाच दाद देत नाही. आत अर्थ भरपूर, बाहेरून निव्वळ गोंगाट! म्हणजे आकलन माहितीइतकंच पाहणाऱ्यावरही अवलंबून असतं.

आणि या आकलनाला मर्यादाही आहे. गणितज्ञ कोल्मोगोरोव्हच्या 1965 च्या मांडणीतून पुढे सिद्ध होतं, की कोणत्याही माहितीचं सर्वांत लहान वर्णन हमखास शोधून देणारी रीत असूच शकत नाही.