शेवटचे वीस किलोमीटर

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. एकूण ७०१ किलोमीटर, आणि कारला ताशी १२० ची मुभा. ना सिग्नल, ना आडवी येणारी म्हैस. काटा १२० वर गेला तरी आत बसलेल्याला वेग जाणवत नाही. गाडीला मात्र तो चांगलाच जाणवतो.

गावात पेट्रोल खातात ते ब्रेक आणि सिग्नल. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाची बरीचशी ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो, १२० वर सव्वादोनपट. टपावर सामानाचं कॅरिअर असेल तर आणखीच. टायरचं घर्षण वेगाबरोबर तसं फार वाढत नाही, म्हणून पेट्रोल अगदी त्याच पटीत वाढत नाही, एवढाच काय तो दिलासा.

आता वेळेचा हिशेब करू. ८० ने हे अंतर कापायला पावणेनऊ तास लागतात, १०० ने सात, १२० ने पावणेसहाच्या थोडे वर. म्हणजे पहिले वीस वाढवले तर पावणेदोन तास वाचतात, पुढचे वीस वाढवले तर जेमतेम सत्तर मिनिटं. मिळणारा वेळ घटत जातो आणि लागणारं पेट्रोल वाढत जातं. समजा, एखादी गाडी १०० ला वीसचं ॲव्हरेज देते आणि १२० ला सोळाचं. अख्ख्या रस्त्याला जवळपास नऊ लिटर जास्त लागले. वाटेत चहा-नाश्त्याला दोनदा थांबलं की वाचलेली सत्तर मिनिटं तिथेच संपतात. ते नऊ लिटर काही परत येत नाहीत.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने साऱ्या देशात ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती. लोकांनी ती मनापासून कधीच पाळली नाही आणि १९९५ मध्ये ती उठलीही. सरकारने सांगितलं म्हणून उजवा पाय हलका होत नाही, हे तिथेही खरं ठरलं. स्वतःच्या खिशाचा हिशेब डोळ्यांसमोर आला तर कदाचित होईल.

म्हणून एक करून पाहा. टाकी फुल करा, ठरावीक टप्पा १०० ने जा आणि पुन्हा फुल करून लिटर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तोच टप्पा, त्याच दिशेने, १२० ने. उलट्या दिशेने मोजू नका, चढ-उतार आणि वारा हिशेब बिघडवतात. दोन्ही वेळा टायरमधली हवा सारखी ठेवा, आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा पंपाच्या पावतीवर विश्वास ठेवा.