चिशांग : भातखाचरांनी राखलेली शांतता

तैवानच्या पूर्व भागात दोन डोंगररांगांच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारी, दीडशे किलोमीटरहून लांब अशी एक अरुंद दरी आहे. तिच्या पश्चिमेला बेटाचा कणा असलेली मध्य पर्वतरांग उभी आहे. तिची कित्येक शिखरे तीन हजार मीटरच्या वर जातात. पूर्वेला किनाऱ्यालगतची ठेंगणी रांग आहे आणि तिच्यापलीकडे प्रशांत महासागर. या दरीच्या दक्षिण भागात, ताइतुंग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर चिशांग हा ग्रामीण तालुका वसला आहे. लोकवस्ती आठ हजारांच्या आसपास. तैवानची बहुतेक माणसे, कारखाने, बंदरे आणि जलद रेल्वे पश्चिमेच्या सपाटीवर आहेत. पूर्वेच्या या दरीत मोठा उद्योग कधी आलाच नाही. तिथे भात आला, आणि भाताबरोबर ती शांतता आली जी पाहायला आता शहरातली माणसे चार तासांचा रेल्वेप्रवास करून येतात.

ही शांतता निसर्गाने फुकट दिलेली आहे, असा पाहुण्याचा समज होणे साहजिक आहे. दोन्हीकडे डोंगर, मध्ये हिरवे किंवा सोनेरी भात, डोंगराच्या कमरेला ढगांचा पट्टा. माणसाने काही केले असेल असे तिथे दिसतच नाही. प्रत्यक्षात चिशांगची शांतता शेतकऱ्यांनी अनेक वर्षे, अनेक निर्णय घेऊन राखलेली आहे.

मुळात इथल्या जमिनीखाली शांतता नाही. युरेशियाचे भूपट्ट आणि फिलिपिन्स समुद्राचे भूपट्ट एकमेकांना जिथे भिडतात, ती सीमा याच दरीतून जाते. चिशांग भ्रंश नावाची भेग गावाच्या पूर्वेकडून जाते आणि तिच्या दोन्ही बाजू दर वर्षी दोन ते तीन सेंटीमीटर सरकत असतात. धक्का न बसता, सावकाश. तापो गावच्या प्राथमिक शाळेच्या आवारातल्या भिंती आणि गटारे या सरकण्याने तडकलेली आहेत आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक ती मुद्दाम पाहायला येतात. कधी कधी मात्र जमीन एकदम हलते. १८ सप्टेंबर २०२२ रोजी ६.८ रिश्टरचा भूकंप झाला, त्याचा केंद्रबिंदू चिशांगमध्येच होता. दरीतली रेल्वे त्यानंतर काही काळ बंद राहिली. तालुक्यातले तापो तळे, जिथे आज कमळे फुलतात आणि पाणपक्षी उतरतात, तेही या भ्रंशामुळे खचलेल्या जमिनीत साठलेल्या पाण्याचे आहे.

मध्य पर्वतरांगेतून उतरणारी शिनवुल्यु नदी या खाचरांना पाणी देते. नदीच्या वरच्या अंगाला कारखाने नाहीत, त्यामुळे पाटात येते ते डोंगराचे पाणी, आणि ते आपल्याबरोबर गाळही आणते. जमीन चिकण मातीची आहे, पाणी धरून ठेवणारी. दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांत बरेच अंतर असते. दाणा भरण्याच्या दिवसांत हे अंतर भाताला मानवते. शेतात पाट काढून भात लावण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे चालू आहे. जमीन कसणारे लोक वेगवेगळ्या ठिकाणांहून आले. आमिस आणि बुनुन हे बेटाचे मूळ रहिवासी. पश्चिमेच्या सपाटीवरून सरकत आलेले इतर आदिवासी समूह. नंतर शिंचू-मियाओली भागातले हाक्का शेतकरी आणि होक्लो कुटुंबे. आणि १९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून आलेले, निवृत्तीनंतर इथे स्थायिक झालेले सैनिक. एवढ्या लहान तालुक्यात इतक्या भाषा बोलल्या जातात, आणि या सर्वांना जोडणारी गोष्ट म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी.

१८९५ ते १९४५ या काळात तैवान जपानच्या ताब्यात होते. जपानी लोकांना आखूड, गोलसर, शिजल्यावर किंचित चिकट होणारा तांदूळ हवा होता. तैवानच्या हवेत तो नीट येत नसे. कृषितज्ज्ञ इसो एइकिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ प्रयोग करून इथे रुजणारी वाणे तयार केली आणि १९२६ मध्ये त्या तांदळाला ‘फंगलाइ’ हे नाव मिळाले. चिशांगचा तांदूळ त्या काळी जपानच्या सम्राटाकडे पाठवला जाई, असे गावात आजही अभिमानाने सांगितले जाते. सध्याच्या वाणांत ‘काओशुंग १३९’ हे विशेष नावाजलेले आहे. त्याच्या कच्च्या दाण्याच्या पोटात पांढरा डाग असतो, दिसायला तो उणाच. चव मात्र अशी की शेतकऱ्यांनी त्याला ‘कुरूप सुंदरी’ असे टोपणनाव दिले.

या तांदळाला बाहेर कीर्ती मिळवून दिली ती रेल्वेने. ह्वालिएन ते ताइतुंग हा अडीच फुटी रुळांचा मार्ग १९८२ मध्ये रुंद करण्यात आला. त्याआधी या दरीतला प्रवास जवळजवळ दिवसभराचा असे. चिशांगला गाडी थांबे आणि भुकेल्या प्रवाशांना फलाटावर खाणे विकले जाई. सुरुवातीला रताळ्याचे पदार्थ, मग पानात बांधलेला भात, आणि १९६० च्या दशकापासून पातळ लाकडाच्या पेटीतला डबा. भातावर मांसाचे काप, अंड्याचा तुकडा, लोणचे, एखादा खारवलेला आलुबुखार, बाकी विशेष काही नाही. लाकूड वाफेचे पाणी शोषून घेते, त्यामुळे भात गार झाला तरी गिच्च होत नाही. आणि गार झाल्यावरही चवदार लागतो तोच खरा चांगला तांदूळ, ही कसोटी या डब्याने दरीतून जाणाऱ्या हजारो माणसांच्या जिभेवर लावली. पुढे तैवानभर शहराशहरांत ‘चिशांग डबा’ अशा पाट्या लागल्या.

कीर्तीबरोबर लबाडीही आली. चिशांगच्या नावाने विकला जाणारा तांदूळ चिशांगमध्ये पिकणाऱ्या तांदळापेक्षा कितीतरी जास्त झाला. त्यातच १ जानेवारी २००२ रोजी तैवान जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाले आणि दर वर्षी सुमारे १ लाख ४४ हजार टन परदेशी तांदूळ आयात करणे त्याला बंधनकारक झाले. लहान शेतकऱ्याने स्वस्त तांदळाशी किमतीत स्पर्धा करणे अशक्य होते. चिशांगने वेगळी वाट धरली. २००३ मध्ये तालुका कार्यालयाने ‘चिशांग तांदूळ’ हे उत्पत्तिस्थानाचे प्रमाणचिन्ह नोंदवून घेतले. तैवानमध्ये शेतमालासाठी असे चिन्ह प्रथमच मिळाले. त्यानंतर तालुक्याच्या हद्दीत पिकलेला, तपासणीत उतरलेला तांदूळच हा शिक्का लावून विकता येऊ लागला. गिरणीवाले भाताची प्रत पाहून भाव देतात. चांगल्या प्रतीला जास्त भाव. पोते किती भरले यापेक्षा दाणा कसा भरला याकडे शेतकऱ्याचे लक्ष जावे, अशी ही रचना आहे. आपल्याकडे आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागेही हाच विचार आहे. मात्र मानांकन मिळवणे आणि त्यावर गावाने एकजुटीने पहारा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिशांगने दुसरी करून दाखवली, म्हणून तिथला शेतकरी भातावर तगून आहे. भातावर तगला म्हणून त्याने जमीन विकली नाही, आणि जमीन विकली गेली नाही म्हणून तिथे बंगले आणि हॉटेले उभी राहिली नाहीत.

तालुक्यात सुमारे १७५ हेक्टरांचा एक सलग पट्टा आहे. त्यात विजेचा एकही खांब नाही. छायाचित्र काढणाऱ्याला हे वरदान वाटते. खांब टाकायचा प्रस्ताव एकदा आला होता. शेतकऱ्यांनी नकार दिला. कारण अगदी शेतीचे होते. भात हे लहान दिवसाला प्रतिसाद देणारे पीक आहे. खांबांवर दिवे आले आणि रात्री त्यांचा उजेड पडत राहिला तर जवळच्या रोपांचे निसवणे लांबते, एकाच खाचरात काही लोंब्या पिकलेल्या आणि काही हिरव्या राहतात. काळोख ही तिथे पिकाची गरज आहे. पुढे याच जुन्या खाचरांच्या पट्ट्याची सांस्कृतिक भूदृश्य म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. देऊळ, किल्ला किंवा वाडा नव्हे, तर अजूनही नांगरली जाणारी जमीन वारसा ठरली, ही गोष्ट फार मोलाची आहे.

या पट्ट्यातून जाणाऱ्या सरळ रस्त्याला एका कॉफीच्या जाहिरातीमुळे ‘ब्राऊन मार्ग’ म्हणतात. २०१३ मध्ये एका विमान कंपनीच्या जाहिरातीत अभिनेता ताकेशी कानेशिरो या परिसरात सायकल चालवताना आणि एका झाडाखाली बसून चहा पिताना दिसला. वाटसरूसाठी चहाचे भांडे भरून ठेवण्याची तैवानच्या खेड्यांत जुनी रीत आहे. झाड बिशोफिया जातीचे, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठीही आढळणारे. जाहिरात गाजली आणि त्या एका झाडासमोर रांगा लागल्या. गाड्या, बसगाड्या शेतरस्त्यांवर घुसल्या, बांध तुडवले गेले, कापणीची यंत्रे अडकून पडू लागली. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या जुलैमध्ये, मात्मो वादळाने ते झाड आडवे केले. जपानमधल्या वृक्षतज्ज्ञांचीही मदत घेऊन ते पुन्हा उभे करण्यात आले आणि ते जगले. झाडापेक्षा महत्त्वाचे काम त्यानंतर झाले. पाहुण्यांच्या मोटारींना शेतरस्त्यांवर मनाई झाली आणि त्यांनी चालत किंवा सायकलने फिरावे असे ठरले. गर्दी ओसरेल, धंदा बुडेल ही भीती कोणत्याही गावाला वाटली असती. चिशांगने कापणी यंत्राची वाट आधी मोकळी केली.

कलेच्या बाबतीतही शेती आधी, हेच सूत्र राहिले. २००९ पासून ‘लव्हली तैवान’ या प्रतिष्ठानच्या पुढाकाराने इथे शरद ऋतूत सुगीचा कला महोत्सव होतो. पहिल्या वर्षी पिकल्या भातामध्ये पियानो ठेवून वादन झाले. २०१३ मध्ये लिन ह्वाइ-मिन यांच्या ‘क्लाउड गेट’ या नृत्यसंस्थेने, आपल्या चाळिसाव्या वर्षी, ‘तांदूळ’ ही रचना शेतातल्या मंचावर सादर केली. त्याआधी नर्तक चिशांगला येऊन कापणीत उतरले होते. नृत्यामागे पडद्यावर दिसणारे खाचरात पाणी भरणे, अंकुर, लोंब्या, कापणीनंतरची आग हे सर्व याच गावात चित्रित झाले, आणि संगीतात हाक्का लोकगीते आली. महोत्सवाची तारीख भात पिकण्यावर अवलंबून असते. मंच उभारायची जागा रिकामी व्हावी म्हणून तिथले भात आधी कापले जाते, आणि पाहुण्यांची व्यवस्था लावणाऱ्यांत गावकरीच असतात. पुढे लेखक च्यांग श्युन इथे राहायला आले, त्यांच्यामागून इतर कलावंत आले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका जुन्या धान्यकोठाराचे कलादालन झाले. ही कला गावाच्या बाहेरून आणून ठेवलेली वाटत नाही, कारण ती पिकाच्या वेळापत्रकाला मान देते.

वर्षाचे चक्र असे आहे. हिवाळ्यात, दोन पिकांच्या मध्ये, खाचरांत मोहरीवर्गातली पिवळी फुले दिसतात. ती जमिनीला खत म्हणून नांगरून टाकली जातात. जानेवारी-फेब्रुवारीत पहिली लावणी, जून-जुलैत कापणी. लगेच दुसरी लावणी, आणि नोव्हेंबरच्या आसपास दुसरी कापणी. लावणी-कापणीची बहुतेक कामे आता यंत्राने होतात. पहाटे पाणी बघायला निघालेला शेतकरी, पाटाची फळी वर-खाली करणे, बांधावरचे गवत कापणे ही कामे अजून माणसाची आहेत. तो शेतकरी बहुधा साठीच्या पुढचा असतो. तरुण मुले तैपेई आणि काओशुंगला जातात. काही परततात, गिरणी, उपाहारगृह किंवा घरगुती मुक्कामाची व्यवस्था चालवतात. शेत कोण कसणार हा प्रश्न चिशांगपुढेही आहे. कीर्तीने तो सुटलेला नाही, फक्त थोडा पुढे ढकलला गेला आहे. घरात पिकणाऱ्या तांदळाला चांगला भाव मिळतो हे पाहिलेल्या मुलाला परतण्याचा विचार तरी करता येतो, आणि बेटावरच्या बऱ्याच खेड्यांतल्या मुलांना तेवढेही शक्य नाही.

चिशांगला जायचे तर सोनेरी भातासाठी ऑक्टोबरचा शेवट, हिरव्यासाठी एप्रिल किंवा सप्टेंबर. सकाळ लवकर सुरू करावी, कारण ढगांचा पट्टा उन्हाबरोबर विरतो आणि शेतकऱ्यांची कामेही उन्हाआधी उरकतात. पाहुण्याने रस्ता सोडून बांधावर उतरू नये, रात्री खाचरांवर उजेड टाकू नये, आणि निघताना प्रमाणचिन्हाचा शिक्का असलेली तांदळाची एक पिशवी विकत घ्यावी. हे गाव आजवर भातावरच टिकले आहे.