शौच आणि अद्रोह

सज्जनहो, श्रीमद्भगवद्गीतेच्या 16 व्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्ती सांगितली आहे. तिच्यात शौच हा गुण येतो आणि त्याला लागूनच अद्रोह येतो. शौच म्हणजे निर्मळपणा. अद्रोह म्हणजे कोणाचा घात न करणे. हे दोघे शेजारी का बसविले? पाठशाळेत आम्ही हा श्लोक घोकला, कीर्तनातून अनेकदा सांगितला. परंतु त्याचे मर्म कळले ते सांगलीस, नातवाच्या माशांच्या पेटीपाशी.

आमच्या धाकट्या चिरंजीवांचे बिऱ्हाड सांगलीस आहे. नातवाने काचेच्या पेटीत पाच गोल्डफिश पाळले होते. पेटीखाली एक बंद डबा असतो, त्याला कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. एका नळीने पेटीतले पाणी डब्यात उतरते, आतल्या स्पंजातून, पांढऱ्या कापसातून आणि चिनी मातीच्या पोकळ कड्यांतून गाळून निघते, आणि मोटर ते दुसऱ्या नळीने वर चढविते. मंडळी परगावी गेली असता पाण्याची धार मंदावली. आम्ही म्हटले, चला, धुऊन टाकू. डबा उघडतो तो काय! स्पंजावर तपकिरी चिखल, कड्यांवर बुळबुळीत थर. सोवळ्यात वाढलेला आमचा जीव, शिसारी आली. सगळे नळाखाली धरून खसाखसा घासले, पांढरेशुभ्र केले, आणि समाधानाने हरिपाठास बसलो.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. पाणी तर आरशासारखे! चौथ्या दिवशी तीन मासे गेले. नातू आला. रडला नाही. एवढेच म्हणाला, "आबा, त्या चिखलात जंतू असतात. तेच पाणी सांभाळतात. नळाच्या पाण्याने ते मरतात."

मग त्या लेकराने आम्हांला शास्त्र शिकविले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना विष आहे. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. ते माशांना फारच कमी बाधते, आणि तुळशीला तर खत होते. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की नामक रशियन शास्त्रज्ञाने असे जंतू वेगळे करून दाखविले. ही वस्ती स्पंजावर व कड्यांवर बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. माणसाच्या पोटाला ते पाणी हितकर, त्या वस्तीला मात्र काळ. आम्ही चार आठवड्यांची वस्ती पाच मिनिटांत उठविली!

कोणी म्हणेल, "बुवा, मग धुवायचेच नाही काय?" तसे नव्हे. न धुतले तर गाळ साचतो, धार तुटते, आतले जंतूही गुदमरतात. धुवायचे, पण रीतीने. आधी वीज बंद करावी, नळ्यांच्या तोट्या बंद कराव्या. पेटीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज हलकेच पिळावा. कड्या नुसत्या हिसळाव्या, घासू नयेत. कापूस बदलला तर त्या खेपेस बाकीचे जुनेच ठेवावे. मोटरीच्या चक्रीवरचा बुळबुळीत थर काढावा, झाकणाची रबरी कडी पुसून नीट बसवावी. आणि सर्व काम तासाच्या आत उरकावे, कारण वाहते पाणी थांबले की वस्तीचा श्वास थांबतो.

आमच्या माणदेशात हे नवे नाही. माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा करीत. गाळलेले गोड पाणी लागे. बाया झऱ्यातला गाळ हाताने अलगद काढीत. वाळू घासून पांढरी करावी असे कोणा शहाणीच्या मनात आले नाही.

आता दार्ष्टांतिक. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एक तरुण भजनात मृदंग धरी. हात गोड. एका एकादशीस तो दारू पिऊन आला. आम्ही भर मंडपात त्याला असे धुतले की ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. आमचे शब्द शास्त्राप्रमाणे शुद्ध होते, नळाच्या पाण्यासारखे! त्यानंतर तो सात वर्षे देवळाची पायरी चढला नाही. त्याच्या ठायी मळ होता हे खरे. पण त्या मळातच भजनाची गोडीही जिवंत होती. आम्ही दोन्ही एकदमच धुऊन टाकले.

माणूस धुवायचा तो त्याच्याच पाण्यात, म्हणजे त्याच्या घरी, त्याच्या भाषेत, एकांतात. आणि एका वेळी थोडाच. अद्रोहावाचून केलेले शौच हा घातच होय.

सांगलीहून परतल्यावर आम्ही त्याच्या दारी गेलो. "आमचे चुकले," म्हणालो. त्याने मृदंगाची गोष्ट काढली नाही. घोंगडे अंथरले, चहा दिला. निघताना मात्र म्हणाला, "बुवा, मृदंगाला शाई भरायची राहिलीय." वस्ती पुन्हा बसण्यास वेळ लागतो. आम्ही वाट पाहतो आहोत.

रामकृष्णहरि.