उपकार की ऋणफेड?

गेल्या वर्षी एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. विषय प्रारब्धाचा चालला होता. बोलण्याच्या भरात आम्ही बोलून गेलो की, जन्मतःचे पांगळेपण हे पूर्वकर्माचे फळ होय, ते भोगूनच सरते. कीर्तन आटोपले, मंडळी पाया पडून गेली. एक बाई मात्र मागे राहिली. कडेवर दहाबारा वर्षांचा मुलगा. त्याला मान सावरत नव्हती. ती म्हणाली, "महाराज, हे त्याचं भोगणं असंल, तर त्याच्या पैशासाठी मी तालुक्याला खेटे घालते, ते देवाच्या न्यायाच्या आड येणं झालं का?"

आम्ही न्याय पढलो, वेदान्त पढलो. तिला उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

कर्मसिद्धान्त मनुष्याने आपल्या आचरणाला लावावा. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की तो हात आखडण्याचे निमित्त होतो. त्या मुलाचे प्रारब्ध काय ते ईश्वर जाणे. पण त्याच्या दारावरून आपण कसे जातो, हे आपले क्रियमाण आहे, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे.

आता कोणी म्हणेल, मूल आईबापांचे, सांभाळणे त्यांचा धर्म. सरकारने पैसा का द्यावा? बरे, धर्म त्यांचा खराच, आणि ते तो पाळतातही. भरवायचे, धुवायचे, रात्री कूस बदलायची. त्यामुळे आईला रोजाने जाता येत नाही. घरातली एक मजुरी बुडते, आणि औषध, व्यायाम, चाकाची खुर्ची, गाडीभाडे हा खर्च वाढतो. हेच मूल एखाद्या सरकारी संस्थेत ठेवले असते, तर त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून झाला असता. ती माउली ते काम घरी फुकट करते. मग तिला चार पैसे मिळाले तर उपकार कोणी कोणावर केला?

दुसरा म्हणतो, पैसा आला की माया भाडोत्री होते. वा! आम्हांला कीर्तनाला नारळ मिळतो, बिदागी मिळते. म्हणून आमची भक्ती भाड्याची झाली असे अजून कोणी म्हणाले नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंगांना मिळणारी दरमहा १५०० रुपयांची रक्कम महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये २५०० केली. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्याची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून सांभाळणाऱ्यालाच वेगळा भत्ता देतात. रक्कम थोडी, पण विचार मोठा. काळजी घेणे हेही काम आहे, हे तिथे मान्य झाले.

२०१६ च्या कायद्यानेही एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले, आणि ज्यांना फार आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता सांगितला. मात्र एक अट घातली: सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना कराव्यात. ती अट वाचताना आम्हांला ती कडेवरची ओझी आठवली. आईने त्या मुलाला कुवतीच्या मर्यादेत कधी उचलले का हो?

देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथे ऋण सांगितले आहे, ते मनुष्यांचे. ऋण फेडणारा दाता नसतो, आणि ते घेणाराही याचक नसतो. म्हणून त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आईने मान खाली घालण्याचे कारण नाही.

कूर्मदासांची कथा आपण सांगतो. हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीच्या वाटेवर लऊळपर्यंत आले, पुढे येववेना. तेव्हा देवच लऊळला गेला. आपल्या गावातही असे एखादे घर असेल. तिथे आपण जावे, त्यांचे कागद आपण वाचावेत, दाखल्यासाठी तालुक्याला एक खेप आपणही घालावी. तीही वारीच.

ते वाक्य आम्ही आता कीर्तनात बोलत नाही. आणि त्या बाईला सांगणे एवढेच: माउली, न्यायाच्या आड तू आली नव्हतीस, आम्ही आलो होतो.