ग्लेन कॅनियन आणि दुर्गमतेचे मोल

एखादे ठिकाण दुर्गम असले की ते आपोआप सुरक्षित राहते, अशी एक समजूत आहे. आणि लोकांनी पाहिल्याशिवाय, त्यांना त्याची ओढ लागल्याशिवाय कोणतेही ठिकाण वाचत नाही, अशी तिच्या अगदी उलट समजूतही तितकीच रूढ आहे. या दोन्ही समजुतींची कसोटी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी पठारावर, कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅनियन या घळईत लागली, आणि दोन्हीही तिथे अपुऱ्या ठरल्या.

घळई म्हणजे नदीने खडक कापत खोल नेलेली, उभ्या कड्यांची अरुंद दरी. युटा राज्याच्या आग्नेय भागातून अ‍ॅरिझोनाच्या उत्तर भागापर्यंत गेलेली ही घळई ज्या खडकात कोरली गेली, तो नावाहो वालुकाश्म सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या एका वाळवंटातील टेकड्यांचा बनलेला आहे. वाऱ्याने रचलेले वाळूचे तिरपे थर आजही कड्यांवर स्पष्ट वाचता येतात, म्हणजे एका वाळवंटाच्या पोटात दुसरे, फार जुने वाळवंट दगड होऊन पडलेले आहे. हा खडक सच्छिद्र असल्याने वर पडणारा थोडासा पाऊस त्यात मुरतो, शेकडो मीटर खाली झिरपत जातो, आणि खालच्या कायेंटा नावाच्या, पाण्याला सहज वाट न देणाऱ्या थरापाशी अडून कड्याच्या पोटातून पाझरू लागतो. जिथे असा पाझर फुटतो तिथे खडक ठिसूळ होऊन ढासळतो, मोठ्या कमानीच्या आकाराच्या कपारी तयार होतात, आणि त्या ओल्या कपारींत हंसराजासारखी नेची उलट्या टांगल्यासारखी वाढतात. बाहेर उन्हाने खडक तापलेला असताना कड्याच्या सावलीत अशी हिरवळ सापडावी, हे या घळईचे खरे वैशिष्ट्य होते. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताने अपंग झालेल्या भूवैज्ञानिकाने होड्यांतून केलेल्या प्रवासात या भागाला जे नाव दिले, ते या हिरव्या, निवाऱ्याच्या जागा पाहूनच.

मुख्य प्रवाहाला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या उपघळया हे तिचे दुसरे वैभव. त्यांतल्या काही इतक्या चिंचोळ्या होत्या, की माणसाचे दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना घासावेत आणि आकाशाची केवळ एक रेघ दिसावी. पॉवेलच्या सोबत्यांचे गाणे ज्या प्रचंड कपारीत घुमले, तिला त्याने संगीताचे मंदिर म्हटले. एस्कलांटे नदीच्या खोऱ्यातील अशाच एका दालनाला पुढे वाळवंटातील कॅथीड्रल हे नाव मिळाले. विशेष म्हणजे पुढच्या ग्रँड कॅनियनमधले प्राणघातक खळाळते प्रवाह इथे नव्हते. नदी संथ होती, आणि साधी होडी घेऊन सामान्य कुटुंबालाही काही दिवसांत हा प्रवास करता येत असे. तरीही जवळपास रस्ते नसल्याने येणारे मोजकेच होते. तिथे जाणे म्हणजे पाहणे कमी आणि राहणे अधिक असे; होडी काठाला लावायची, उपघळईत चालत जायचे, वाळूवर झोपायचे, आणि पाणी नेईल त्या गतीने पुढे सरकायचे.

ही घळई १९५६ मध्ये एका तडजोडीत गेली. कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यात धरणांची मालिका उभारण्याच्या योजनेत ग्रीन नदीवरील एको पार्क येथे एक धरण प्रस्तावित होते, आणि ती जागा डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीत येत होती. संरक्षित भूमीत एक धरण होऊ दिले तर पुढे कोणतेही संरक्षण टिकणार नाही, या रास्त भीतीने सिएरा क्लब या संस्थेने आणि तिचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्राउअर यांनी त्याला कडाडून विरोध केला व तो यशस्वी झाला. मात्र संरक्षणाचे कवच नसलेल्या ग्लेन कॅनियनमधील मोठ्या धरणाला विरोध न करण्याचे मान्य झाले. १९३०च्या दशकात या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, पण तो बारगळला होता. म्हणून कायद्याच्या नकाशावर ही घळई रिकामी जागा होती. ब्राउअर यांनी तोवर ती पाहिलीही नव्हती. पुढे धरण बांधले जात असताना ते तिथे गेले, आणि आपण काय गमावले याची सल त्यांना आयुष्यभर राहिली. १९६३ मध्ये २१६ मीटर उंचीच्या धरणाची दारे बंद झाली, आणि त्यामागचा पॉवेल जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० उजाडले.

दारे बंद झाली त्याच वर्षी एलियट पोर्टर यांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक सिएरा क्लबने प्रसिद्ध केले. ही जागा कोणालाच ठाऊक नव्हती म्हणून ती बुडाली, असे त्याच्या नावातूनच सांगितलेले होते, आणि पुढच्या लढ्यात ही मांडणी प्रभावी ठरली. ग्रँड कॅनियनच्या टापूत मार्बल कॅनियन आणि ब्रिज कॅनियन येथे दोन धरणे घालण्याचा बेत पुढे आला, तेव्हा वृत्तपत्रांतील जाहिरातींनी देशभर खळबळ उडवली आणि १९६८च्या कायद्यातून ती धरणे वगळली गेली. लक्षावधी लोकांना प्रिय असलेली दरी वाचली आणि थोड्यांना माहीत असलेली बुडाली, हे इतके सरळ दिसते की त्यावरून नियम बांधण्याचा मोह होतो.

पण तो नियम दोन ठिकाणी कच्चा आहे. पहिली गोष्ट अशी, की ही जागा पिढ्यानपिढ्या अनेकांना ठाऊक होती. कड्यांच्या कपारींत दगडी घरे आणि धान्याची कोठारे बांधणारे पूएब्लो लोकांचे पूर्वज तिथे सुमारे तेराव्या शतकापर्यंत राहिले. बुडण्याआधी घाईने केलेल्या पुरातत्त्वीय पाहणीत दोन हजारांहून अधिक स्थळांची नोंद झाली. त्यानंतर यूट, पाययूट आणि नावाहो लोकांच्या वाटा इथून जात. १७७६ मध्ये दोमिंगेझ आणि एस्कलांटे या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी खडकात पायऱ्या खोदून जिथे नदी ओलांडली, तो उतार मूळ रहिवाशांच्या वापरातला होता. ज्यांच्या मताला वॉशिंग्टनमध्ये वजन होते, त्यांच्यापैकी फारसे कोणी इथे आलेले नव्हते, एवढेच त्या मांडणीतले सत्य आहे. ग्रँड कॅनियन वाचले त्याचीही किंमत कोणीतरी मोजली: नाकारलेल्या धरणांच्या विजेऐवजी पेज या गावाजवळ कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले, आणि १९७४ ते २०१९ या काळात त्याला लागणारा कोळसा नावाहो व होपी लोकांच्या भूमीतील ब्लॅक मेसा येथून खणला गेला. एका दरीचे रक्षण दुसऱ्याच्या अंगणावर ढकलले जाते तेव्हा त्याला निखळ विजय म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट पाहण्याच्या स्वरूपाची आहे, आणि तिचा दाखला रेनबो ब्रिज या नैसर्गिक दगडी पुलात मिळतो. पाण्याने खडक आरपार कोरून तयार झालेली ही ८८ मीटर उंचीची कमान नावाहो लोकांसाठी पवित्र स्थान, पावसासाठी प्रार्थना करण्याची जागा आहे. १९१० मध्ये ती राष्ट्रीय स्मारक झाली, आणि वरच्या खोऱ्यातील धरणांना मंजुरी देणाऱ्या १९५६च्या कायद्यात तिला जलाशयापासून झळ पोहोचू न देण्याचे आश्वासनही होते. परंतु संरक्षक बांधकामासाठी निधीच मंजूर झाला नाही आणि १९७०च्या दशकात पाणी कमानीखाली शिरले. पूर्वी नदीकाठापासून सुमारे दहा किलोमीटर चालत किंवा डोंगरवाटांनी त्याहून लांब जावे लागे. पाणी चढल्यावर मोटारबोटी जवळपर्यंत येऊ लागल्या. नावाहो वडीलधाऱ्यांनी १९७४ मध्ये न्यायालयात धाव घेतली, पण १९८० मध्ये अपील न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. १९९०च्या दशकापासून तिथे येणाऱ्यांना कमानीखालून जाऊ नये अशी विनंती केली जाते, पण ती पाळण्याची सक्ती नाही. धरणाच्या समर्थकांचा एक युक्तिवाद असा होता, की मूठभर साहसी लोकांची मिरास असलेले सौंदर्य जलाशयाने सर्वांसाठी खुले केले. हा युक्तिवाद वरवर लोकशाहीचा वाटतो, पण जे खुले करायचे तेच त्या पाण्याखाली गेले; उरले ते कड्यांचे माथे आणि त्यांच्यामधला निळा पृष्ठभाग. चालत, थांबत, घामेजून एखाद्या ठिकाणी पोहोचणे हा त्या ठिकाणाच्या ओळखीचा भाग असतो, आणि तो वगळून मिळालेली सोय ही निराळ्याच जागेची सोय असते.

म्हणून कमी लोकांनी पाहिले हे बुडवण्याचे समर्थन होत नाही, तसेच पुष्कळांनी पाहिले हा वाचवण्याचा आधारही पुरेसा नाही. हंसराजाच्या जाळ्या, खडकातला पाझर, पूर्वजांची कोठारे आणि पावसासाठी प्रार्थना करण्याची जागा यांचे मोल प्रेक्षकांच्या संख्येवरून ठरवणे, हीच मुळातली चूक होती, आणि ती धरण बांधणाऱ्यांनी व त्याला विरोध करणाऱ्यांनी मिळून केली.

हा प्रश्न आता पुन्हा उभा राहिला आहे, कारण २००० नंतरच्या दीर्घ अवर्षणाने आणि वाढत्या मागणीने जलाशय आटत गेला. २०२३च्या फेब्रुवारीत तो पाव भागाहूनही कमी उरला होता. कड्यांवर क्षारांचा पन्नास मीटरहून उंच पांढरा पट्टा उघडा पडला. त्याचबरोबर एस्कलांटेच्या खोऱ्यातील कॅथीड्रलची जमीन वर आली, उपघळयांतले ओहोळ साठलेला गाळ कापत पुन्हा मूळ खडकापर्यंत पोहोचू लागले, आणि त्यांच्या काठी कॉटनवूडची व वाळुंजाच्या जातीची झाडे कोणी न लावता उगवली. गाळाचे प्रचंड ढिगारे आणि रासायनिक डाग अजून आहेत, त्यामुळे जुनी घळई जशीच्या तशी परत येते आहे असे म्हणणे खरे नाही. पण ती कायमची नष्ट झाली, ही १९६३ची खात्रीही खरी ठरलेली नाही.

कोलोरॅडोच्या पाण्याचे सध्याचे नियोजन २००७ मध्ये ठरलेल्या आणि २०२६ पर्यंतच लागू असलेल्या नियमांनुसार चालते. त्यांच्या जागी येणारे नियम ठरवताना शेती, शहरे आणि वीज यांच्या हिशेबात वर आलेल्या या उपघळयांनाही स्थान मिळाले पाहिजे, आणि ज्यांना त्या पिढ्यानपिढ्या ठाऊक आहेत त्या नावाहो, पाययूट, यूट, होपी आणि इतर पूएब्लो समाजांचे म्हणणे या वेळी निर्णयाच्या आधी ऐकले गेले पाहिजे.